हबा उसव्यानं जावयासाठी जाकीट निवडलं

हंदवाड्याच्या बाजारात हबीबुल्ला शिंपी कुठं बसतो म्हणून विचारलं तर माणसं डोकं खाजवतील. हबा उसव्या म्हणा, मग लगेच उजेड पडतो. चाळीस वर्षं त्यानं फेरन, थंडीतले ढगळ पायघोळ अंगरखे, शिवले, निम्म्या मुलखाच्या अंगावर त्याची शिवण आहे, पण गडी ओळखला जातो तो उसवण्यावरनं.

हे नाव पडलं एका लग्नात. चौघं चौघं एका तरामीच्या मोठ्या थाळ्याभोवती जेवायला बसले होते आणि हबाच्या शेजारी नवऱ्या मुलाचा मामा होता. मामानं भाताला हात घातला, आणि हबाला त्याच्या खांद्याची शिवण दिसली. टाका लांब, दोरा ढिला, वर चुणी. हबानं दोन घास कसेबसे गिळले. मटणाच्या गोळ्यांचा रिस्ता वाढायला आला तेव्हा मात्र त्याला राहवेना. त्यानं डावा हात लांबवला, शिवणीत बोट घातलं आणि मामाची बाही मुंढ्यातनं मोकळी केली.

"उद्या सकाळी दुकानात या," तो म्हणाला, "फुकट शिवून देतो. पन असलं घालून माझ्या शेजारी जेवू नका."

मामा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, आणि त्यानंतर मरेपर्यंत दुसऱ्या शिंप्याकडं गेला नाही. पण नाव पडायचं ते पडलं.

असा हा हबा. बायको झूना, आणि एकुलती एक पोरगी मुनीरा. सफरचंदाचा हंगाम उरकला तसं त्यानं मुनीराचं लग्न बारामुल्ल्याला लावून दिलं. जावई इशफाक वीज खात्यात खांबावर चढायच्या कामाला. पोरगा सडपातळ, बोलायला मऊ, खायला बरा. त्याच्यात खोट काढावी असं हबाला काही सापडलं नव्हतं, आणि ह्याचं त्याला थोडं वाईटच वाटत होतं.

आता पहिला हिवाळा आला. पहिल्या हिवाळ्यात पोरीच्या सासरी बापानं हरीसा, रात्रभर शिजवून घोटलेलं मांस, न्यायचा, आणि सोबत जावयाला अंगावर काहीतरी ऊबदार. हबानं त्यासाठी दोन वर्षांपूर्वीच राखी रंगाचं जाड लोकरी कापड बाजूला ठेवलं होतं. त्याचा असा फेरन शिवणार होता की बारामुल्ल्यानं बघत राहावं. तेवढ्यात मुनीराचा फोन आला.

"बाबा, ह्यांना फेरन नकोय. जाकीट पायजे."

हबानं बाजूला ठेवलेल्या राखी कापडाकडं बघितलं. झूनानं फोन हलवून बघितला.

"खांबावर चढताना फेरन पायात येतो वो," मुनीरा म्हणाली. "मागल्या हिवाळ्यात एक जण अडकून उलटा लटकला होता. आनि बाबा, जाकीट जरा चांगलं बघा. सासूबाई आल्यागेल्या बायकांसमोर उघडनार हायत."

हे शेवटचं खरं होतं आणि त्यातच सगळी मेख होती. मुनीराची सासू ताज बेगम. बारामुल्ल्यात हिनं उलटं करून बघितलं नाही असं कापड नाही. लग्नात मुनीराचा नवरीचा पोशाख सगळ्या बायकांदेखत उलटा करून तिनं बोट फिरवलं होतं, आणि तो हबानं शिवलेला म्हणून निभावला. आता बाजारचं जाकीट न्यायचं आणि ते ताज बेगमच्या हातात द्यायचं. त्यात काही वावगं निघालं तर ऐकून घ्यायचं पोरीनं, तेही वसंत येईपर्यंत रोज.

"चल, बाजारात जाऊ," हबा म्हणाला.

"कुठल्या दुकानात?" झूनानं विचारलं.

हबा विचारात पडला. जाकिटं विकणारी बाजारात पाच दुकानं. पाचही ठिकाणी त्यानं कधी ना कधी आत शिरून माल उसवलेला. शेवटचा दुकानदार तर लांबनं ह्याला येताना बघितलं तरी दाराची फळी लावायला घ्यायचा.

"फोनवर घ्या," झूना म्हणाली. "मुनीरानं दावलंय मला. सगळ्या मुलखातली जाकिटं येत्यात."

"हात न लावता जाकीट घ्यायचं?"

"तुमचा हात पोचत न्हाई हेच बरं हाय. त्यांना बी, आपल्याला बी."

मग रोज दुपारचा नमाज झाला की नवरा-बायको दुकानात फोन घेऊन बसायची. गुडघ्यांवर कांबळं, त्याच्या फेरनात त्याची निखाऱ्यांची कांगडी, तिच्या फेरनात तिची. फोन झूनाच्या हातात, जीभ हबाची.

पहिलंच जाकीट आलं. घालणारा पोरगा देखणा, बर्फात उभा, दात दाखवतोय.

"ह्याला बाजूला सार," हबा म्हणाला.

"कसा सारू? फोटू हाय."

"मग जाकीट कसं बघू मी? हितं ह्याचं हसनंच विकायला ठेवलंय."

दुसरं अंगाला असं चपखल बसलेलं की झूना म्हणाली, हे घ्याच. हबानं मान हलवली. "पाठीमागनं चिमटे लावलेत. पुढनं एक बी सुरकुती न्हाई म्हंजे मागं सगळा चोरबाजार हाय. आपल्या इद्रिस ठेकेदाराचा फोटू काढला तवा त्याच्या पाठीला सात चिमटे होते. लावनारा मीच होतो."

तिसऱ्याच्या चेनीच्या कडेला लाटा. चौथ्याच्या चौकटी शिवणीपाशी एकमेकींना भेटत नव्हत्या, डावीकडची रेघ एकीकडं आणि उजवीकडची दुसरीकडं, भांडलेल्या जावांसारखी. पाचव्याचे कॉलरचे कोपरे एक आखूड, एक लांब.

"आता उलटं करायला सांग," सहाव्याला हबा म्हणाला.

"कुनाला?"

"ज्यानं फोटू टाकला त्याला."

झूनानं बोटानं सरकवत सरकवत बघितलं. बाहेरून नऊ फोटो, आतून एकही नाही.

"आतनं दावत न्हाई म्हंजे आत लाज वाटन्याजोगं कायतरी हाय. पुढं चल."

तिसऱ्या दिवशी त्याला खालच्या चांदण्या दिसल्या. घेतलेली माणसं पाचातल्या किती चांदण्या देतात आणि काय लिहितात, ते झूनानं वाचून दाखवलं. पाच चांदण्यावाले लिहीत होते, छान, मस्त, भावाला आवडलं.

"ह्यांचं सोड. एक चांदनी दिलेली वाच."

"ती तर नुसती शिव्या देत्यात."

"देऊ दे. रागावलेला मानूस नीट जवळनं फोटू काढतो."

आणि खरंच. सिमल्याच्या बाईनं धुतल्यावर कापूस सगळा तळाशी गोळा झालेला दाखवला होता. डेहराडूनच्या एका गड्यानं खिसा फाटला म्हणून शिवण ताणून आतला दोरा दाखवला होता. हबा तो फोटो बराच वेळ बघत बसला. "ह्यानं अगदी बरोबर जागी ओढलंय," तो म्हणाला. "शिकलेला दिसतोय."

वजनाचंही त्यानं बघायला लावलं. चारशे ग्रॅमचं जाकीट बघून म्हणाला, हे वाऱ्याला अंगरखा घातल्यासारखं हाय. नऊशे ग्रॅमचं आलं तेव्हा कुठं नीट बसला. बाहेरून जाड कापड, मातकट हिरवं. आतून गोधडीला मारतात तशा आडव्या टिपा, आणि आतला फोटो एक सोडून तीन. हबा फोन नाकाला लावून बसला. खोट सापडेना.

"विचार त्यांना, एका इंचात टाके किती?"

झूनानं उर्दूत लिहून विचारलं. दुकानाकडनं उत्तर आलं की प्रिय ग्राहक, हे जाकीट अतिशय आकर्षक असून सर्व प्रसंगी शोभून दिसेल.

"टाके विचारले तर शोभा सांगतोय," हबा म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

पण दुसऱ्या दिवशी रानीखेतच्या कुणी एकानं, ज्यानं तेच जाकीट घेतलं होतं, खाली लिहिलं. चष्मा लावून मोजले. दहा. बाहीला अकरा.

हबानं ते दोनदा वाचून घेतलं. "हा आपला मानूस. ह्याला माझा सलाम लिही. आनि जाकीट मागव."

"माप कुठलं?"

आता मापात हबाला कुणी शिकवायचं कारणच नव्हतं. इशफाकचा लग्नाचा अचकन त्यानंच शिवलेला. छाती अडतीस, खांदा सतरा, बाही चोवीस, झोपेत विचारलं तरी सांगेल. पण फेरन शिवणाऱ्याच्या डोक्यात छाती नुसती छाती नसते. छाती, मग थंडीत दोन्ही हात आत ओढून घेतले तर त्यांची जागा, मग कांगडीची जागा. एवढं धरून जे होतं ते माप. ही बेरीज हबा करत नाही, त्याचा हात करतो. चाळीस वर्षांत तो हात कधी थांबला नाही, त्या दिवशीही थांबला नाही.

"शेहेचाळीस दाब," तो म्हणाला.

झूनानं दाबलं. घरातल्या सगळ्या गोष्टींत तिचं चालायचं, फक्त मापात ती बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी समद कांदुराच्या रोट्यांच्या भट्टीपाशी गिर्दे घ्यायला हबा उभा राहिला तर बातमी त्याच्याआधी पोचलेली.

"काय हबा काक," समद तंदुरात हात घालत म्हणाला, "ऐकलं, फोनला टेप लावून बसला होतास."

"लावला होता."

"पोरगी द्यायच्या आधी सहा महिनं चौकशी केलीस, आनि जाकीट असं न बघता?"

"तेवढीच चौकशी जाकिटाची बी केलीय. रानीखेतला साक्षीदार हाय माझा."

"आलं की हितं आन. सगळ्यांना बघू दे उसवताना."

"उसवायला लागायचं न्हाई," हबा म्हणाला, आणि पोटाशी धरलेल्या कांगडीसकट मोठ्या ऐटीत घरी आला.

जाकीट गुरुवारी आलं, बर्फातनं. हरीसा घेऊन बारामुल्ल्याला जायचं रविवारी. हबानं पुडकं उघडलं, जाकीट आधी उलटं केलं आणि दाराच्या उजेडात धरलं. शिवण ताणली. चेन खालीवर केली. खिशाचा कोपरा नखानं खरवडला. बगलेत बोट घातलं. झूना चहा घेऊन आली तरी त्याचं चाललेलंच.

"मग?"

"कायबी न्हाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंद होता का दुःख ते तिला कळेना. "शिवनारा कोन हाय कुनास ठाऊक. पन हात बसलेला हाय."

"घालून बघा. तुमचं आनि जावयाचं अंग एकच."

हबानं फेरन काढला, जाकीट घातलं. खांदे दंडावर उतरले. बाह्यांतनं बोटं दिसेनात. तो खूश झाला. कांगडी उचलली, आत पोटाशी धरली, चेन ओढली. चेन सरळ गळ्यापर्यंत गेली.

"बघ," तो म्हणाला. "बसली का न्हाई बरोबर?"

झूनानं त्याच्याकडं वरनं खालपर्यंत बघितलं. तिच्या हातातला पेला तिनं खाली ठेवला.

"मुनीराचे बाबा, जावई खांबावर कांगडी घेऊन चढनार हाय काय?"

हबाचा हात चेनीवर तसाच राहिला. मग त्यानं हळूहळू चेन खाली घेतली, कांगडी बाहेर काढली आणि बसला.

परत पाठवता आलं असतं, तसं लिहिलेलंच होतं. झूनानं पुडकं आणणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, न्यायला येईन की, पण रस्ता बघता ना तुम्ही. परत जाऊन दुसरं यायला दहा-बारा दिवस धरा. रविवारपर्यंत? चाची, रविवारपर्यंत मीच घरी पोचेन का नाही सांगता येत नाही.

"असंच नेलं तर?" झूनानं विचारलं.

"तर ताज बेगम म्हनंल, बाप शिंपी आनि जावयाचं माप कळत न्हाई. चिल्लई कलानच्या कडाक्याचे चाळीस दिवस हेच चालंल. मुनीरा ऐकंल."

"मग उसवा. आयुष्यभर तेच केलंत."

हे तिला बोलायला सोपं होतं. शुक्रवारी सकाळी हबा जाकीट मांडीवर घेऊन बसला आणि त्याच्यानं टाका तोडवेना. आयुष्यात जे जे उसवलं ते वाईट म्हणून. चांगलं काम उसवायची वेळ कधी आलीच नव्हती. एखादी तरी खोट सापडावी म्हणून त्यानं चष्मा लावून पुन्हा सगळं धुंडाळलं. शेवटी डाव्या खिशाच्या आत, कोपऱ्यात, एक टाका सुटलेला दिसला. बस्स, एकच. हबाला एवढा आनंद झाला की त्यानं झूनाला हाक मारून तो दाखवला.

"ह्यो तसाच ठेवनार," तो म्हणाला. "ताज बेगमला बोट फिरवायला कायतरी पायजे. सापडला तर कंपनीचा सापडंल."

मग त्यानं ब्लेड लावलं. दोरा तुटता तुटेना. "अरं बाबा," तो त्या न दिसणाऱ्या शिंप्याशी बोलू लागला, "एवढी टीप कशापायी मारलीस? कुनी तुला सांगितलं होतं का की हंदवाड्याला उसव्या बसलाय म्हनून?"

दोन्ही बगला मोकळ्या केल्या. बाह्या काढल्या. खांदे कापले. बाही आखूड केली ती मनगटाकडनं नाही, मुंढ्याकडनं, म्हणजे मनगटाची पट्टी कंपनीची ती कंपनीचीच राहिली. सगळ्यात अवघड त्या आडव्या टिपा. बाजू आत घेतल्यावर पुढची रेघ आणि मागची रेघ एकमेकींना मिळायला हव्या, नाहीतर आंधळ्यालाही कळेल. हबानं आधी कच्चा टाका घातला, उसवला, पुन्हा घातला. शनिवारी दुपारी पायाच्या मशीनवर शेवटची टीप मारली, एका इंचात बरोबर दहा. बाहीला अकरा. आतून बघितलं तर कुठं कंपनी संपली आणि कुठं हबा सुरू झाला हे त्यालाच सांगता येईना.

रविवारी पहाटे हरीशावाल्याकडनं पातेलं भरून घेतलं, झाकण फडक्यानं बांधलं, आणि दोघं सुमोतनं बारामुल्ल्याला पोचली. बैठकीत बायका आधीच जमलेल्या. ताज बेगमनं चहाचा समोवार पुढं ओढला, हरीशाची चव घेतली, मान हलवली, मग हात पुसून जाकीट मांडीवर घेतलं. मुनीरा दाराशी उभी होती, पेले घेऊन. एकही पेला तिनं खाली ठेवला नव्हता.

ताज बेगमनं कॉलरचे कोपरे एकावर एक ठेवून बघितले. चेन तीनदा ओढली. मग जाकीट उलटं केलं आणि बगलेच्या शिवणीवरनं बोट फिरवत खाली आली. थांबली. पुन्हा वर गेली.

"या गं, बघा इकडं," ती बायकांना म्हणाली. "ही रेघ बघा. पुढनं आली आणि मागच्या रेघेत गेली, जसं काही कापलंच नाही. ह्याला म्हणतात कंपनीचं काम. हबीबुल्लासाहेब, राग मानू नका, पण आपल्याकडच्या शिंप्याला हे जन्मात जमायचं नाही."

हबानं तोंड उघडलं. झूनाचं कोपर फेरनाखालनं त्याच्या बरगडीत रुतलं.

ताज बेगमचं बोट खिशात गेलं. कोपऱ्यात थांबलं. ती हसली. "इथं मात्र टाका सुटलाय. इथं तुम्ही हात लावलाय वाटतं. सवय काही जात नाही तुमची."

बायका हसल्या. हबानं मुनीराकडं बघितलं. सांगायचं तर एका दमात सांगता आलं असतं की बाई, ती रेघ माझी आहे आणि हा सुटलेला टाका कंपनीचा. पण मग शेहेचाळीसही सांगावं लागलं असतं. त्यानं गिर्द्याचा मोठा तुकडा तोडला, हरीशात बुडवला आणि तोंडात कोंबला. चटका बसून डोळ्यांत पाणी आलं.

"सवयच," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला.

इशफाकनं जाकीट घातलं. खांद्याला बसलं, छातीला बसलं, बाही मनगटावर नेमकी थांबली. ताज बेगमनं त्याला दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाली, "चांगलं निवडलंत. निवडायलाही नजर लागते." मुनीरानं तेव्हा कुठं पेले खाली ठेवले.

तेवढ्यात इशफाकला फोन आला, बर्फानं कुठंतरी तार खाली आली होती. तो तसाच जाकिटात निघाला. हबा आणि झूनाही उठले. त्यांना निरोप द्यायला मुनीरा फाटकापर्यंत आली. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणाली, "बाबा, केवढं मागवलं होतंत?"

"केवढं म्हंजे?"

"बगला तुमच्या हायत. बाह्या बी."

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? तिकडं बघा की."

हबानं बघितलं. इशफाक रस्त्यानं चालला होता. गारठा असल्यानं त्यानं हात खिशात घातले होते. पण दोन्ही बाजू चार चार बोटं आत घेतल्यावर खिशांची तोंडं सरकून पार मागं, बगलेखालच्या शिवणीला जाऊन टेकली होती. हात घालायला पोराला कोपरं मागं न्यावी लागत होती, आणि तो आरवायला निघालेल्या कोंबड्यासारखा छाती पुढं काढून चालला होता.

कोपऱ्यावरच्या रोटीवाल्या कांदुरानं त्याला हटकलं. "काय रे इशफाक, असा काय चाललायस?"

"जाकीट आहे कंपनीचं," इशफाक म्हणाला. "ह्यात असंच चालतात."

झूना तोंडाला ओढणी लावून फाटकाला टेकली. हबानं पोरीकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

"खिसे ऱ्हायले," तो म्हणाला. "पुढल्या खेपेला येतो तवा सासू घरात नसंल असा दिवस सांग. ब्लेड संगं आनतो."